फिल्टर बदलायची वेळ

सुनंदाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा लीलाधर आबा ओट्यापाशी उभे राहून फिल्टरखाली तांब्या भरत होते. आबांच्या पत्नी जळगावच्या दवाखान्यात होत्या. संध्याकाळी त्यांना घरी आणायचं ठरलं होतं. आबा फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. तांब्या भरला, ओटा भरला, पाणी खाली आलं. शेजारचे सुपडू नाना धावत आत आले आणि घसरून पडले. पाचोऱ्यात नंतर कितीतरी दिवस लोक आबांना भेटायला आणि नानांची कंबर बघायला एकाच फेरीत येत होते.

दिवसकार्य, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले. पावसाळ्यात गिरणा नदीचं पाणी गढूळ झालं आणि फिल्टरच्या पारदर्शक डब्यातली पाणी गाळायची पांढरी कांडी गुळाच्या रंगावर गेली.

"हाई पानी शे का चहा शे?" नानांनी ग्लास उजेडात धरून विचारलं.

"पाणी आहे. प्या."

"आधी तू पे."

आबांनी पिऊन दाखवलं.

कांडी बदलायला आबांची ना नव्हती. पण ती कधी बदलायची हे घरात सुनंदाबाई ठरवत. त्या तारीख बघत नसत, डबा उघडूनही बघत नसत. एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता हात धुवायच्या आणि त्यांना अक्का म्हणणाऱ्या दुकानवाल्या हनीफला फोन लावायच्या. हनीफ येऊन डबा खोलायचा तेव्हा कांडी बरोबर बदलायलाच आलेली असायची. त्यांना हे कशावरून कळतं ते आबांनी कधी विचारलं नव्हतं. आता ते स्वतः शोधत होते. भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसला का ते बघत. शिजलेली डाळ बोटांनी दाबून बघत. एकदा तर नानांनी त्यांना फिल्टरला कान लावून उभं असलेलं पकडलं.

"काय म्हणतो?" नानांनी विचारलं.

"काही नाही," आबा म्हणाले.

दिवाळीआधी मुलगी ज्योत्स्ना धुळ्याहून आली. तिने पाण्याचा एक घोट घेतला आणि तो मोरीत थुंकला.

"आबा, हे पिता तुम्ही?"

"कधी बदलायचं ते तुझ्या आईला कळायचं. मला कळलं की बदलू."

"म्हणजे पोट बिघडल्यावर?"

"अजून कुठे बिघडलंय?"

"आबा, ज्याला प्यायचं पाणी खराब झालेलं कळत नाही, त्याने एकट्याने राहू नये. रविवारी माझ्याबरोबर धुळ्याला चला. कायमचे."

आबांना हे घर सोडायचं नव्हतं. ज्योत्स्नाने पिशवी काढली आणि त्यांचे सदरे भरायला घेतले. तरी आबा शेजारी बसून एकेक सदरा घडी करून तिच्या हातात देत राहिले. घर बंद करायचं तर फिल्टरही धुऊन ठेवलेला बरा, म्हणून शनिवारी तिने हनीफला बोलावलं.

हनीफने डबा खोलला आणि तळाच्या गाळातून बोट फिरवलं. "आबा, यात कपाशी लावा. पाणी द्यायचीही गरज नाही."

आबा हसले नाहीत. "हनीफ, तुझी अक्का कशावरून ठरवायची रे?"

"कांडी बदलायचं?" हनीफने ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि जरा घुटमळला. "राग मानू नका. अक्का फोनवर म्हणायच्या, आमच्या ह्यांची कुरकूर सुरू झाली. आधी पाण्याला नावं ठेवतात, मग चहाला, मग वरणाला. आता गाडी जावयावर आली, तेव्हा कांडी घेऊन ये."

ज्योत्स्ना मोठ्याने हसली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मग तिचं हसू थांबलं.

"आबा, आईमागे तुम्ही कशालाच नावं ठेवलेली नाहीत."

काल तिच्या हातून भाकरी करपली होती. नानांच्या घरून आलेली वांग्याची भाजी अळणी होती. आबांनी छान झालंय म्हणून ताट पुसून खाल्लं होतं. जावयाचीही त्यांनी दोनदा चौकशी केली होती, आणि तीही प्रेमाने.

ज्योत्स्नाने कळशीत उरलेल्या फिल्टरच्याच पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यासमोर धरला.

"प्या आणि कसं आहे ते एकदा खरं सांगा. मग मी धुळ्याचं नाव काढत नाही."

आबांनी घोट घेतला. कडू काकडी चावल्यासारखं त्यांचं तोंड झालं. त्यांनी सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवली. ओट्यापाशी हनीफ उभा होता. आबांनी घोट गिळला.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

ज्योत्स्ना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने ग्लास काढून घेतला आणि पाणी मोरीत ओतलं. हनीफला नवी कांडी बसवायला सांगितली. पिशवीतले सदरे एकेक करून परत कपाटात ठेवले.

पाणी बिघडलंय हे आबांना पावसाळ्यातच, पहिल्या घोटाला कळलं होतं. ते म्हणायचं कुणाला, एवढं अजून ठरायचं आहे.