इकराच्या हळदीचं गाणं

"जुनंच घे की गो. नाव तेवढं बदल," शेजारची सोनूबाई मैमुनाला म्हणाली. "उमेरच्या जागी अमन. टाळीत बसतं बघ."

बसत होतं. तोच तर वैताग होता. एक नाव काढून दुसरं घातलं तरी गाण्याला काही कळत नव्हतं.

दाभोळात कुणाचंही लगीन निघालं की मैमुना हळदीचं गाणं करायची. दर लग्नाला नवं, घरातल्या माणसांची नावं गुंफून. मासे साफ करता करता तिची कडवी व्हायची. ह्या खेपेला ओळसुद्धा येत नव्हती. उद्या हळद, आणि नवरी तिचीच सून इकरा. मुलगा उमेर बोटीवर गेला तो परत आलाच नाही. इकराला माहेर नव्हतं, म्हणून अमनचं स्थळ मैमुनानंच शोधलं, बोलणी केली, कपडे आणले. हे सगळं करताना तिला काही म्हणजे काही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि गाल आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती.

"बरं, घ्या जुनंच," ती म्हणाली.

पडवीत जमलेल्या बायकांनी टाळ्या धरल्या. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात नवऱ्याचं नाव यायचं. अख्ख्या पडवीनं सवयीनं, चांगला घसा ताणून म्हटलं, "उमेर!"

टाळ्या थांबल्या. एकीनं उगाच पदर सारखा केला. कुणीतरी खोकलं.

"तोंडं आवरा गो मेल्यांनो," सोनूबाई खेकसली. सगळ्यात मोठ्यानं तीच ओरडली होती.

इकरा कोपऱ्यात कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "अम्मी, ते त्याचं गाणं आहे. त्याच्याकडेच राहू दे. मला माझं करा."

"सुचत नाय गो."

"मग शिव्या घाला. रोज सकाळी घालता तशा. त्या बऱ्या सुचतात तुम्हाला."

बायका फिसकन हसल्या. मैमुना भडकली.

"घालते! भिते काय तुला? कोलंबीचा धागा अर्धा आतच ठेवते, भाताची खरपुडी करते..."

सोनूबाईनं हळूच एक टाळी दिली.

"न्हाणीतला दिवा दिवसभर जाळते, फोन कानाला लावून दूध उतू घालवते..."

दुसरी टाळी. तिसरी. मग पडवीभर.

"अंगात ताप घेऊन फिरते, तोंडानं बोलत नाय, वर माझ्याच पायांना तेल चोळत बसते..."

मैमुना थांबली. टाळ्या चालूच होत्या. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या, पुढच्या ओळीसाठी.

"आता मी सकाळी कुणाला शिव्या घालू गो?"

ती गात नव्हती. खरंच विचारत होती. पण बायकांना वाटलं, हेच पालुपद. त्यांनी ते टाळीवर उचललं, आणि घोळवून घोळवून म्हणायला लागल्या. कोपऱ्यातून, खालमानेनं, इकरासुद्धा.