बॉनेटवरचे फटके

गारगोटीच्या अमरसिंहाच्या पिकअपला फोर-व्हील ड्राइव्ह लागत नव्हतं. चढाला पुढची चाकं नुसती फरफटायची. गाडी सुधारायचा त्याला एकच उपाय ठाऊक होता. त्यानं बॉनेटवर पाना हाणला.

सिकंदर मिस्त्री जॅकवरच्या गाडीखाली उताणा होता. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट त्यानं नुकताच खोलून बाजूला ठेवला होता. तरी ती चाकं फिरू लागली.

"इंजिन बंद करा ओ!"

"चावी तुमच्याच खिशात हाय की, मिस्त्री!" म्हणत अमरसिंहानं आणखी एक हाणला. काच फुटली, चाकं गरगरली आणि जॅक कलला.

"पावणं, मारू नगा! गाडी छातीवर येतीया!"

पाना फरशीवर पडल्याचा आवाज आला. "हे बघा, टाकला," अमरसिंह पार गॅरेजच्या दारातून म्हणाला.

सिकंदरनं श्वास सोडला.

बॉनेटवर पहिल्यापेक्षा जोरात फटका बसला.