डाळिंबाच्या झाडाकडे

“सकाळच्या बसनं मी बहिणीकडे काशानला चाललेय,” अंगणात येऊन अक्दसनं एकदाचं सांगून टाकलं. “भात-डाळ करून ठेवलीय. गरम करून घ्या.”

हाजी जलील दुर्बिणीची नळी हातानं हळूहळू सरकवत होते. त्यांनी मान वळवली, पण नजर गेली तिच्या खांद्यावरून मागच्या डाळिंबाच्या झाडाकडे. नवरोजपासून हे असंच चाललेलं. चाळीस वर्षांत भांडणं काय कमी झाली? पण भांडतानाही हा माणूस डोळ्यांत डोळे घालून भांडायचा. आता बायकोपेक्षा झाड बरं वाटायला लागलं!

“जा. पण आधी एकदा इथे डोळा लाव. सिंह राशीतल्या सिंहाच्या मागच्या पायाशी दोन दीर्घिका आहेत.”

चाळीस वर्षांत लावला नव्हता. जाता जाता लावू, म्हणून ती वाकली.

“काळोख आहे, हाजी. छान आहे हो काळोख!”

“सरळ बघितलंस की त्या हरवतात. जराशी बाजूला बघ. लक्ष मात्र त्यांच्यावरच ठेव.”

काहीतरीच! तिनं कडेच्या एका ताऱ्याकडे नजर नेली. आणि मधोमध पिठाची बोटं पुसावीत तसे दोन फिकट डाग उमटले. सरळ बघितलं, गेले. बाजूला बघितलं, आले.

“अगंबाई! ही कसली बघायची तऱ्हा?”

“मला आता सगळंच असं बघावं लागतं,” हाजी म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. सरळ बघेन ते पुसलं जातं. डॉक्टर म्हणाला, वाढतच जाणार. ऐन सणात तुला काय सांगायचं?”

अक्दसनं धावत जाऊन अंगणातला दिवा लावला. दुर्बीण मांडली असताना काडी ओढली तरी हा माणूस खेकसायचा. आज त्यानं दुर्बिणीला झाकण लावलं. ती समोर येऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघू लागली. डोळे होते तसेच होते, तपकिरी.

हाजींनी सवयीनं नजर डाळिंबाच्या झाडाकडे नेली.

“प्रवासाला नवी ओढणी काढलीस वाटतं,” ते म्हणाले. “पूस मग तिनंच डोळे.”