वहिनींचं लॉगिन

फोन आधी वहिनींना आला, तिथेच मास्तरांचं डोकं फिरलं.

दूरच्या एका रुग्णालयातला सर्व्हर पहाटे वीज गेल्यापासून बिघडला होता. मशीन चालू होतं, पण त्याच्या सिस्टिम फायली खराब झाल्या होत्या. तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टरांच्या पडद्यावर येईनात, म्हणून प्रयोगशाळेतली माणसं कागद घेऊन जिने चढत-उतरत होती. तिथल्या कारकुनाने फोन लावला तो मास्तरांच्या बायकोला. मास्तर शेजारच्याच टेबलावर बसले होते.

ठिकठिकाणचे सर्व्हर सांभाळणाऱ्या त्या ऑफिसात त्यांना मास्तर म्हणत, कारण तिथल्या निम्म्या लोकांना हे काम त्यांनीच शिकवलं होतं. बायकोलाही. ती त्यांच्यामागून बऱ्याच वर्षांनी इथे लागली आणि बघता बघता सगळ्यांची वहिनी झाली. मग दिवसभर ‘वहिनी, हे बघा ना’ आणि ‘वहिनी, ते अडकलंय’ सुरू झालं. चहाच्या वेळी कोणीतरी हमखास विचारायचं की मास्तर, घरचा सर्व्हर कोण चालवतं हो? मास्तर सगळ्यांबरोबर हसायचे आणि अर्धा चहा टाकून उठायचे.

त्यात साहेब निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, हे आज संध्याकाळी कळायचं होतं. नावं दोनच होती, आणि ती दोन्ही माणसं दुपारी एकाच डब्यातून जेवत.

दुसरं कोणी बसलं असतं तर मास्तरांनी चार दिवस कुरकुर करून विषय सोडून दिला असता. पण सकाळी जिला आपण गाडीवर मागे बसवून आणायचं, तिच्याच केबिनच्या दारावर टकटक करून रजा मागायची? नुसत्या कल्पनेने त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. बायकोचा हेवा वाटतो, हे ते स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते. वाटत होता मात्र भरपूर.

“मी बघतो,” ते म्हणाले.

“बघा ना. मी आहेच मागे,” वहिनी म्हणाल्या.

मास्तर जागेवरूनच त्या मशीनमध्ये शिरले. खराब फायली हुडकल्या, ऑफिसातल्या तशाच एका धडधाकट मशीनवरून चांगल्या फायली उचलल्या आणि त्यांच्या जागी नेऊन ठेवल्या. हात असा सफाईने चालत होता, की बघणाऱ्याने बघत राहावं. बघायला कोणी नव्हतं, कारण सगळे वहिनींच्या टेबलाशी होते. रिपोर्ट जायला लागले. कारकुनाने तसं फोन करून कळवलं, तेही वहिनींनाच.

आता मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू केलं की काम संपलं. तेवढ्यात मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्या सर्व्हरवर वहिनींचं लॉगिन आत आलं. मास्तरांनी नुकत्याच ठेवलेल्या एका फाइलीला तिने हात लावला. फाइल तीच होती, पण ती कोणी उघडायची याची परवानगी तिने बदलली.

“काय करतेयस?”

“काही नाही. बघतेय जरा.”

मास्तरांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. हे आजचं नव्हतं. त्यांनी काही दुरुस्त केलं, की थोड्या वेळाने हिचं लॉगिन तिथे दिसायचंच. त्यांना वाटायचं, शिकतेय. फार पूर्वी एकदा, फायली बदलल्या पण त्यांच्या परवानग्या लावायच्या राहिल्या, अशी त्यांची चूक तिने चारचौघांत दाखवली होती, तेव्हा ते कित्येक दिवस तिच्याशी बोलले नव्हते. त्यानंतर तिने कधी तोंड उघडलं नाही. सुधारली, असंच ते समजून चालले होते. आता त्यांना सगळा डाव कळला. काम आपण करायचं आणि शेवटचा हात हिचा फिरला की नाव हिचं व्हायचं. साहेब उगाच का तिचे गोडवे गातात!

सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या मास्तरांकडेच होत्या. त्यांनी त्या मशीनवरून तिचं लॉगिन काढून टाकलं. हात चालूच होता, म्हणून बाकीच्या सगळ्या सर्व्हरवरूनही काढलं. फार दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

“अहो, मला आत जाता येत नाहीये.”

“नेटवर्क असेल.”

“बरं. पण इतक्यात रीस्टार्ट करू नका.”

“का?”

वहिनींनी आजूबाजूला पाहिलं. सगळे ऐकत होते.

“नंतर सांगते,” त्या हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी लगेच रीस्टार्ट केलं.

मशीन बंद झालं ते पुन्हा उठलंच नाही. कारकुनाचा फोन आला, या वेळी मास्तरांना. पडद्यावर ‘परवानगी नाही’ एवढीच ओळ पुन्हा पुन्हा येतेय, असं तो सांगत होता. जुने रिपोर्टही आता दिसेनात, शस्त्रक्रियेसाठी आत घेतलेला पेशंट तसाच थांबलाय आणि डॉक्टर आरडाओरडा करताहेत. इथून आत शिरायचा रस्ताच बंद झाला होता. आता कोणीतरी गाडी काढून तिथवर जाणं भाग होतं.

साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. ते रागावलेले दिसत नव्हते, नुसते दमलेले दिसत होते. वहिनींनी शेवटचा हात फिरवला नव्हता का, असं त्यांनी विचारलं.

“तिचं लॉगिन मी काढून टाकलंय, साहेब,” मास्तर ताठ मानेने म्हणाले. “फार दिवस माझ्या कामात लुडबुड चालली होती तिची.”

“सगळीकडून काढलंत?”

“सगळीकडून.”

साहेबांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“खुर्ची मी वहिनींना देत होतो, मास्तर. त्यांनी तुमचं नाव सुचवलं. त्यांची अट एकच होती. तुम्ही हात लावाल त्या प्रत्येक सर्व्हरवर त्यांचं लॉगिन राहिलं पाहिजे, आणि हे तुम्हाला कधी कळता कामा नये.”