धम्मानंदकाकांचं लॉगिन

“थांब माय, चष्मा लावू दे,” पलीकडून महामायाकाकू म्हणाल्या. शिवांगी फोन कानाला लावून बसली. दारात तूरडाळीचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर पावतीसाठी खिडकीत डोकं घालून होता. काकूंनी सहा आकडी ओटीपी वाचून दाखवला, तेव्हा कुठे मिलचं सॉफ्टवेअर उघडलं.

लातूरच्या या डाळ मिलमध्ये सगळं ऑफिस एकाच लॉगिनवर काम करायचं, धम्मानंदकाकांच्या. पासवर्ड शिपायालासुद्धा पाठ होता, पण ओटीपी काकांच्या मोबाईलवर यायचा. काका तो आपल्या खुर्चीतूनच ओरडून सांगत. दिवाळीनंतर काका हार्ट अटॅकनं गेले. मोबाईल त्यांच्या बायकोकडे, महामायाकाकूंकडे राहिला. नंबर बदलून घ्या म्हणून शिवांगी मिलमालक उमाशंकरशेठच्या मागे लागली, तर शेठ म्हणाले, “चालायलंय ना? मग कशाला चालत्या गाडीला खीळ?” तेव्हापासून रोज सकाळी काकूंना फोन जायचा.

शिवांगीला त्याची लाज वाटे. नवरा गेलेल्या बाईला त्याच्याच मोबाईलवरचे आकडे वाचायला लावायचे, म्हणजे रोज उठून खपली काढायची. घरात दुसरं कुणी नाही, लेकरूबाळ नाही. काकू मात्र ‘जयभीम’ म्हणून फोन उचलत, रेणापूरची बस वेळेवर आली का, पोटात काही घातलंस का, असं विचारत. शिवांगी हाव-न्हाई करून फोन ठेवी. ट्रक खोळंबलेला असे.

मग एक दिवस चुकीच्या भावानं पावती निघाली. कुणी काढली? सॉफ्टवेअर म्हणालं, धम्मानंद. स्वर्गातून येऊन काकांनी काढली म्हणायची! ऑफिसातलं कुणीच कबूल होईना. तेव्हा कुठे शेठची झोप उडाली आणि त्यांनी सिंगल साइन-ऑन आणलं. आता ज्याचं त्याचं लॉगिन, आणि एकदा आत शिरलं की सगळी कामं उघडी. काकांचं लॉगिन आज, शनिवारी संध्याकाळी, कायमचं बंद होणार होतं.

“काकू, आजचा शेवटचा बरं का,” शिवांगी म्हणाली. “सोमवारपासून तुमाला तरास न्हाई.”

पलीकडे चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज झाला. “बरं झालं माय,” काकू म्हणाल्या. “तुमचीबी कटकट गेली.”

शिवांगीला हायसं वाटलं. एका चांगल्या बाईचा छळ थांबला म्हणून ती खूश होती.

सोमवारी तिनं स्वतःच्या नावानं लॉगिन उघडलं. ट्रक झटक्यात मार्गी लागला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव धम्मानंदकाकांचं.

“आज फोन केला न्हाईस?” काकूंनी विचारलं. “नंबर आलाय बघ. लिहून घे.”

नंबर कुठून येणार? ते लॉगिनच आता उरलं नव्हतं. शिवांगी तसं सांगणारच होती, पण काकूंनी आकडे सांगायला सुरुवातही केली होती. आपण रोज घाईघाईनं ठेवलेले सगळे फोन शिवांगीला आठवले आणि तिला रडू आवरेना.

“सांगा काकू,” ती कशीबशी म्हणाली. “लिहून घ्यायलेय.”

सहा आकडे झाले, तरी काकू थांबल्या नाहीत.