जीपचे पाटे

ग्रीस गनचा दांडा दाबला तर जागचा हलेना. तृप्तीनं जीपखाली उताणं पडून दोन्ही हातांनी जोर लावला. ग्रीस चाकाजवळच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनेत जायचं सोडून बाजूनं बाहेर आलं आणि तिच्या गळ्यावर पडलं. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस मात्र गुणगुणत खटाखट ग्रीस भरत होता. त्याच्या बापाचं काय जातं.

पिंपळगाव रेणुकाईत भर दुपारी नवऱ्याचा शर्ट चढवून जीपखाली शिरलेली सून म्हणजे फुकटचा तमाशा. येणारा-जाणारा वाकून बघे. तृप्तीला बघायला सवड नव्हती. नवऱ्याचं, कल्याणचं, कमरेचं ऑपरेशन झालं होतं. परवा त्याला जालन्याला दाखवायचं होतं. उशीर केला तर पाय लुळा पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. छोट्या गाडीत त्याला वाकून बसता येईना. जीपमध्ये मागं गादी टाकून आडवं पडता येई, पण मागल्या खेपेला तो खड्ड्याखड्ड्याला ओरडला होता. "पाय जाऊ दे. या गाडीत मी पुन्हा बसणार न्हाई," असं म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड केलं, ते केलंच.

तिनं पिन पुसली, नखानं खरवडली. आधी पिवळा रंग निघाला, खाली लाल, त्याखाली हिरवा. तिला हसूच आलं. बैल विकल्यापासून सासूबाई दर पोळ्याला शिंगांचा वार्निस जीपला देत. साळूबाईंची हौस दांडगी. पार खालपर्यंत, पाट्यांच्या पिनांवरसुद्धा हात फिरलेला. ग्रीस जायचं बारीक भोक रंगाखाली बुजून गेलं होतं. पिना सुकल्या, पाटे लवायचे थांबले आणि रस्त्याचा एकूण एक दणका कल्याणच्या कमरेत जाऊ लागला.

"आत्याबाई, रंग खरवडावा लागंल," ती जीपखालूनच म्हणाली.

"पोळा उद्यावर आला अन् तू गाडीचा रंग उतरवून राह्यली?" ओट्यावरून साळूबाई म्हणाल्या.

"परत लावा की. तेवढं भोक सोडून."

साळूबाई फणकाऱ्यानं आत गेल्या.

मंग तृप्तीनं पोती शिवायचा दाभण घेतला. डिझेलचं फडकं फिरवत एकेक भोक मोकळं केलं. खांदा जमिनीला टेकवून गन दाबायची, जुनं काळंकुट्ट ग्रीस बाहेर पडून नवं दिसलं की पुढच्या पिनेला जायचं. खांदा भरून आला, पण एकही पिन सोडली नाही. असली चिवट बाई पंचक्रोशीत दुसरी दाखवा.

ऊन उतरल्यावर ती कल्याणपुढं उभी राहिली. "देवळापर्यंत चल. दुखलं तर परत म्हणणार न्हाई."

तृप्तीनं स्वतः जीप चालवली. देवळाच्या वाटेवर खड्ड्यांना तोटा नाही. कल्याण दात आवळून पडला होता. जरा वेळानं त्याचा आवळलेला जबडा सैल झाला. अंगणात परत आल्यावर तो म्हणाला, "खड्डे बुजवले का कुणी?" तृप्तीनं ग्रीसनं माखलेले हात त्याच्यापुढं धरले. "परवा लवकर निघू मंग," तो म्हणाला. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

तिन्हीसांजेला साळूबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन बाहेर आल्या. पोळ्याची आदली सांज, खांदेमळणीची. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा मळायचा आणि त्याला उद्याच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं. बैल गेल्यापासून या घरात तो मान जीपचा होता. तृप्ती टायरपाशी बसली होती, ती वाट द्यायला उठली.

"बस," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या शर्टाची कॉलर बाजूला सारली आणि वाटीतलं लोणी तिच्या सुजल्या खांद्यावर चोळायला सुरुवात केली.

"आज आवतन घे, माय. उद्या सगळ्यांच्या आधी तुझं ताट."