एका जिवाचं निरीक्षण

पोरं मोठी झाल्यावर बाईंनी कॉलेजला नाव घातलं होतं. दुसऱ्या वर्षी वाणिज्य सोडून त्या विद्यापीठात मानसशास्त्राला गेल्या, तेव्हा नवरा पाहुण्यांसमोर खो खो हसला. "वीस वर्षं मी हिला वेडी म्हणतोय, आता विद्यापीठच लेखी देईल!"

दुसऱ्या दिवसापासून तो ओरडला, की बाई घड्याळ बघून वहीत एक ओळ लिहायच्या.

"काय खरडतेस गं?"

"अभ्यास आहे. एका जिवाचं वर्षभर निरीक्षण करायचंय. मग सगळ्या वर्गासमोर वाचायचं."

महिन्याभरात स्वारी मेणाहून मऊ झाली. स्वतःचं ताट उचलू लागली, पाहुण्यांसमोर "आमच्या हिचं डोकं फार तल्लख" म्हणू लागली.

विद्यापीठानं निरीक्षणाला पांढरा उंदीर दिलाय, हे बाईंनी घरी अजून सांगितलेलं नाही.